घायाळ विमानवाहू जहाजांची डागडुजी : प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरावर झालेल्या आरमारी संग्रामाचा इतिहास आजवर मुख्यतः दोन ठिकाणांहून लिहिला गेला आहे : नकाशे पसरून सेनापती जेथे मसलती करीत होते त्या दालनातून, आणि वैमानिक जेथून शत्रूच्या जहाजावर झेप घेत होते त्या आकाशातून. बॉम्ब पडून गेल्यावर, वैमानिक माघारी वळल्यावर, धुराने कोंदलेल्या, काळोख्या आणि गुडघाभर पाण्याने भरलेल्या जहाजाच्या पोटात जे काही घडत होते, ते या दोन्ही ठिकाणांहून दिसत नाही. आणि नेमके तेच प्रस्तुत ग्रंथाच्या विचाराचा विषय आहे. हा विषय मराठीत प्रथमच इतक्या विस्ताराने मांडला जात असल्याने, त्याची व्याप्ती, त्यातील निरनिराळ्या परंपरा आणि त्याविषयीचे मतभेद यांची ओळख वाचकांना आधी करून द्यावी, अशी ग्रंथकर्त्यांची इच्छा होती, आणि ती मी आनंदाने मान्य केली.

भर समुद्रात, हाताशी असेल त्या सामग्रीने केलेल्या डागडुजीच्या कथा वाचताना मन सहजच युक्तीच्या चमत्काराकडे धावते. कोणी फळ्या ठोकून भगदाड बुजविले, कोणी विझलेल्या भट्ट्या पुन्हा पेटविल्या, असे प्रसंग स्मरणात राहतात. पण या सर्व कथा एकत्र ठेवून, त्यांच्या मागची आरमारी दप्तरे धुंडाळून जो कोणी त्यांचा अभ्यास करील, त्याला असे आढळून येईल की या कारागिरीचा खरा कस काय दुरुस्त करावे यापेक्षा काय मोडकेच ठेवावे, याच्या निवाड्यात लागतो. वेळ तोकडा, माणसे थकलेली आणि लाकूड-पोलाद मोजके असताना जहाज पूर्ववत करणे अशक्यच असते. म्हणून त्याच्या असंख्य जखमांपैकी कोणती आत्ता बांधली पाहिजे, कोणती उद्यावर टाकता येईल आणि कोणत्या जखमेला हातच न लावणे श्रेयस्कर, हे ठरविणाऱ्याच्या बुद्धीवर दोन-तीन हजार माणसांचे प्राण अवलंबून असतात. या ग्रंथाचा गाभा हाच आहे असे मी समजतो.

विमानवाहू जहाजाची जखम इतर युद्धनौकांच्या जखमेहून निराळी असते. लढाऊ जहाजाची तोफ निकामी झाली तरी दुसरी उरते. पण विमानवाहू जहाजाचे सारे सामर्थ्य त्याच्या वरच्या फ्लाइट डेकवर एकवटलेले असते, आणि त्या डेकला एक मोठे भोक पडले की सुस्थितीत तरंगणारे, वेगाने धावणारे जहाजही लढाईच्या दृष्टीने निरुपयोगी होते. शिवाय त्याच्या उदरात विमानांसाठी लागणारे पेट्रोल हजारो गॅलनांनी साठविलेले असते, बॉम्ब आणि पाणतीर जवळच रचलेले असतात, आणि हँगर नावाचे विस्तीर्ण दालन आगीला पसरण्यास मोकळे रान देते. पेट्रोलची वाफ ही तर अदृश्य शत्रूच होय. ती फुटलेल्या टाकीतून वा सैल झालेल्या सांध्यातून हळूहळू कप्प्याकप्प्यांत शिरते आणि एखाद्या यंत्राच्या ठिणगीची वाट पाहत बसते. आगीवर ओतलेले पाणीदेखील निर्धोक नसते, कारण ते वरच्या मजल्यांवर साचून इकडून तिकडे हेलावू लागले म्हणजे जहाजाचा तोल बिघडतो, आणि आग विझविण्याच्या भरात जहाजच उलथण्याचा प्रसंग येतो. तेव्हा डागडुजी करणाऱ्याला सुतार, लोहार, अग्निशामक आणि गणिती या चौघांचे काम एकाच वेळी करावे लागते. कोणता कप्पा मुद्दाम पाण्याने भरला म्हणजे कलंडलेले जहाज सरळ होईल, याचा हिशेब धुरात उभे राहून मांडावा लागतो.

ही विद्या आकाशातून पडलेली नाही. शिडाच्या जहाजांच्या काळीही तळाला पडलेल्या भोकावर बाहेरून लोकर व तंतू भरलेले शीड ओढून गळती थांबविण्याची रीत होती. 1770 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळरांगांवर आदळलेले कप्तान कुक यांचे ‘एंडेव्हर’ जहाज याच उपायाने किनाऱ्यास लागले. पोलादी जहाजांच्या युगात ही विद्या सांघिक झाली. पहिल्या महायुद्धात, 1916 च्या जटलंडच्या लढाईत, जर्मनीचे ‘सीड्लिट्झ’ हे जहाज हजारो टन पाणी पोटात घेऊन मागे परतले, आणि त्यामागे जलाभेद्य कप्प्यांची बारीक विभागणी आणि त्यांची व्यवस्था पाहणारे शिकलेले पथक होते. पुढे विमानवाहू जहाजे आली, आणि जुन्या विद्येला पेट्रोल व विमान या दोन नव्या संकटांशी गाठ घालावी लागली. या टप्प्याचा इतिहास तसा संक्षिप्त आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत कोणाचेही विमानवाहू जहाज खऱ्या माऱ्याखाली सापडले नव्हते, आणि सिद्धान्त कागदावरच राहिले होते.

ते कागद युद्धाच्या आगीत तपासले गेले तेव्हा तीन वेगवेगळ्या विचारपद्धती उघड्या पडल्या. त्यांना संप्रदाय म्हटले तरी चालेल, कारण प्रत्येकीच्या मुळाशी जहाज कशासाठी असते याविषयीची एक श्रद्धा होती.

ब्रिटिशांची श्रद्धा अशी की घाव आत शिरूच देऊ नये. भूमध्यसमुद्रासारख्या चिंचोळ्या पाण्यात, किनाऱ्यावरून उठणाऱ्या विमानांच्या टप्प्यात त्यांना लढावे लागणार होते. म्हणून त्यांनी ‘इलस्ट्रियस’ आणि तिच्या भगिनी-जहाजांच्या फ्लाइट डेकला तीन इंच जाडीचे चिलखत दिले, हँगर चोहोबाजूंनी बंद केला, पेट्रोलची साठवण अत्यंत सावधपणे बेतली, आणि या साऱ्याची किंमत म्हणून विमानांची संख्या 36 पर्यंत खाली आणली. 10 जानेवारी 1941 रोजी जर्मन विमानांनी ‘इलस्ट्रियस’वर अर्धा डझन बॉम्ब टाकले, सुकाणूची यंत्रणा निकामी झाली, तरी केवळ इंजिनांचा वेग इकडेतिकडे कमीअधिक करून दिशा राखीत ते जहाज माल्टा बंदरात पोहोचले, तेथे धक्क्याला बांधलेले असताना पुन्हा त्याच्यावर बॉम्बवर्षाव झाला, आणि माल्टाच्या गोदीतील कामगारांनी त्या वर्षावातच त्याला चालण्याजोगे करून 23 जानेवारीच्या रात्री बाहेर काढले. पुढे अलेक्झांड्रिया आणि सुएझमार्गे त्याला थेट अमेरिकेतील नॉरफोकपर्यंत नेऊन पुरी दुरुस्ती करावी लागली. चार वर्षांनी, 4 मे 1945 रोजी, जपानी आत्मघाती विमान ‘फॉर्मिडेबल’च्या डेकवर आदळले तेव्हा चिलखत खोलगट दबले आणि मध्ये सुमारे दोन फुटांचे भोक पडले, खलाशांनी तो खळगा लाकूड आणि काँक्रीट यांनी भरून वर पातळ पोलादी पत्रे जोडले, आणि त्याच सायंकाळी विमाने पुन्हा त्या डेकवर उतरली. ‘फॉर्मिडेबल’ची ही कथा फार प्रसिद्ध आहे. मात्र तिच्याबरोबर एक गोष्ट सांगितली पाहिजे जी क्वचित सांगितली जाते : या जहाजांचा चिलखती डेक हा त्यांच्या सांगाड्याचाच भाग असल्याने त्याला बसलेले हादरे सांगाड्यात मुरत असत, आणि युद्ध संपल्यावर ‘फॉर्मिडेबल’ दुरुस्त करण्याच्या लायकीचे नाही असे ठरून ते भंगारात निघाले.

अमेरिकनांची श्रद्धा नेमकी उलट होती. घाव बसणारच, असे गृहीत धरून तो भरून काढणे सोपे असावे, अशी त्यांची रचना होती. त्यांचा फ्लाइट डेक म्हणजे मुख्य सांगाड्यावर उभारलेली हलकी, लाकडी फळ्यांची पाटण होती. तिला भोक पडले तर फळ्या, वासे आणि पत्रे यांनी ते बुजविता येई. हँगरच्या बाजू उघडता येत, त्यामुळे धूर आणि वाफ बाहेर जाई आणि पेटलेली वस्तू समुद्रात लोटून देता येई. यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे जहाज वाचविणे हे त्यांनी एका खात्याचे काम न मानता सर्वांचे काम मानले. स्वयंपाक्यापासून लेखनिकापर्यंत प्रत्येकाला आपल्या कप्प्यातील झडपा कोठे आहेत आणि रबरी नळ कोठून जोडायचा याची तालीम असे. तथापि अमेरिकनांनाही हे शहाणपण फुकट मिळाले नाही. 8 मे 1942 रोजी प्रवाळसमुद्रातील लढाईत ‘लेक्सिंग्टन’ला पाणतीर व बॉम्ब लागले, आगी आटोक्यात आल्या, कललेले जहाज सरळ झाले, विमाने उतरू लागली, आणि आता सर्व ठीक आहे असे वाटत असतानाच फुटलेल्या पेट्रोलटाक्यांतून पसरलेल्या वाफेचा दुपारी स्फोट झाला. संध्याकाळी ते जहाज आपल्याच विनाशिकेच्या पाणतीरांनी बुडवावे लागले. पुढे शहरांतील अग्निशामक दलांची अनुभवी माणसे आरमारात बोलावण्यात आली, पाण्याच्या झोताचे बारीक फवाऱ्यात रूपांतर करणाऱ्या तोट्या सर्वत्र पुरविल्या गेल्या, आणि जहाजांच्या आतल्या भिंतींवरचा जळाऊ रंग खरवडून काढण्याचे हुकूम सुटले.

जपानी आरमाराविषयी लिहिताना पाश्चात्त्य लेखकांचा सूर फार काळ तुच्छतेचा होता, आणि तो मला मान्य नाही. जपानी खलाशी शौर्यात वा कष्टाळूपणात कोणाहून कमी नव्हते. त्यांची उणीव व्यवस्थेत होती : बंद हँगर, त्यात भरलेली पेट्रोल व दारूगोळ्याने सज्ज विमाने, एका तडाख्यात निकामी होणारे पाण्याचे नळ, आणि मुख्यतः जहाज सावरण्याचे ज्ञान थोड्याशा अधिकाऱ्यांपुरते मर्यादित ठेवण्याची प्रथा. असा एखादा अधिकारी मारला गेला की विद्याही त्याच्याबरोबर जाई. जून 1942 च्या मिडवेच्या लढाईनंतर त्यांनीही पेट्रोलटाक्यांभोवती काँक्रीट भरणे, फेसाची आगशामक यंत्रणा बसविणे असे उपाय केले. पण यंत्र बदलणे जितके सुलभ, तितके हजारो माणसांत ज्ञान वाटून देणे सुलभ नसते.

या तिन्ही संप्रदायांची तुलना करताना एकच जहाज पुन्हा पुन्हा मध्यभागी येते, आणि या ग्रंथातही ते आले आहे : अमेरिकेचे ‘यॉर्कटाउन’. प्रवाळसमुद्रात ज्या दिवशी ‘लेक्सिंग्टन’ गेले त्याच दिवशी ‘यॉर्कटाउन’वरही एक बॉम्ब पडला, तो फ्लाइट डेक भेदून मजल्यामागून मजले फोडीत खोलवर जाऊन फुटला, आणि साठांहून अधिक माणसे मृत वा गंभीर जखमी झाली. त्या कप्प्यातील आग विझविणाऱ्या तुकडीचा नायक मिल्टन रिकेट्स प्राणांतिक जखमी झालेला असतानाही पाण्याची झडप उघडून, नळाचा झोत आगीवर धरून मग कोसळला. तेलाची रेघ मागे सोडीत ते जहाज 27 मे रोजी पर्ल हार्बरला पोहोचले. दुरुस्तीस नव्वद दिवस लागतील असा अंदाज होता, आणि सेनापती निमिट्झ यांनी, सुक्या गोदीतील पाणी पुरते ओसरण्याआधीच गुडघ्यावरचे बूट चढवून तळाची पाहणी करून, तीन दिवसांची मुदत दिली. सुमारे 1400 कामगार रात्रंदिवस राबले. होनोलुलू शहराच्या काही भागांचा वीजपुरवठा तोडून ती वीज गोदीकडे वळविण्यात आली. भिंतींचे पत्रे कापण्यासाठी आराखडे काढीत बसण्याऐवजी प्लायवूडचे नमुने जागेवरच घेऊन त्याबरहुकूम पोलाद कापले गेले. 30 मे रोजी ‘यॉर्कटाउन’ मिडवेच्या दिशेने निघाले.

नव्वद दिवसांचे काम तीन दिवसांत, अशी ही आख्यायिका गेली ऐंशी वर्षे सांगितली जाते, आणि तिच्यात असत्य काही नसले तरी ती दिशाभूल करते. नव्वद दिवस हे उत्तर होते जहाज संपूर्ण नीट करण्याच्या प्रश्नाचे. तीन दिवस हे उत्तर होते पुढच्या आठवड्यात विमाने उडविण्याजोगे करण्याच्या प्रश्नाचे. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. गोदीतून बाहेर पडताना त्या जहाजाचे काही बॉयलर नादुरुस्तच होते आणि त्यामुळे त्याचा पूर्ण वेग त्याला परत मिळालेला नव्हता. ते बॉयलर तसेच ठेवण्याचा निर्णय कोणीतरी समजून-उमजून घेतला, आणि माझ्या मते त्या तीन दिवसांतील सर्वांत मोठी कामगिरी हीच होय. 1400 माणसांच्या श्रमाला दिशा मिळाली ती या नकारामुळे.

4 जून 1942 च्या दुपारी मिडवेजवळ जपानी ‘हिर्यू’ जहाजाच्या विमानांनी ‘यॉर्कटाउन’वर तीन बॉम्ब टाकले. एकाने डेकला मोठे भगदाड पाडले. दुसऱ्याने धुराडे फोडल्यामुळे धूर उलटा भट्टीघरांत शिरला आणि बॉयलर पाठोपाठ विझू लागले. तिसरा उद्वाहकाच्या विहिरीतून खोल गेला. जहाज समुद्रात निश्चल उभे राहिले. पण हल्ला येण्यापूर्वीच ऑस्कर मायर्स या अधिकाऱ्याच्या सूचनेवरून पेट्रोलचे नळ रिकामे करून त्यांत कार्बन डायऑक्साइड भरलेला होता, त्यामुळे ‘लेक्सिंग्टन’ची गत टळली, चार्ल्स क्लाइनस्मिथ आणि त्याचे सोबती धुराने गुदमरत असतानाही एक बॉयलर पेटता ठेवून होते, आणि त्याच वाफेच्या बळावर बाकीचे पुन्हा पेटविता आले, आणि डेकवरील भगदाडावर वासे, फळ्या व पोलादी पत्रे टाकून अर्ध्या तासाच्या आत विमाने उतरण्याजोगा रस्ता तयार झाला. साधारण दोन तासांत ते जहाज जवळजवळ 20 नॉट वेगाने धावू लागले. ‘हिर्यू’ची दुसरी तुकडी आली तेव्हा त्या वैमानिकांना खाली पेटलेले, थांबलेले जहाज दिसण्याऐवजी आग नसलेले, वेगात चाललेले जहाज दिसले, हे निराळेच जहाज आहे असे समजून त्यांनी त्यालाच दोन पाणतीर मारले, आणि जवळच असलेली ‘एंटरप्राइज’ व ‘हॉर्नेट’ ही अक्षत जहाजे वाचली. आपण शत्रूची दोन जहाजे निकामी केली, असा जपानी सेनापतींचा हिशेब झाला. डागडुजी इतकी चांगली साधली की शत्रूच्या गणितात एका जहाजाची दोन झाली; आरमारी इतिहासात याला तोड मला ठाऊक नाही.

‘एंटरप्राइज’ची पाळी नंतर आली. 26 ऑक्टोबर 1942 च्या सांताक्रूझ बेटांच्या लढाईत ‘हॉर्नेट’ बुडाले आणि ‘एंटरप्राइज’ बॉम्बांनी विदीर्ण होऊन न्यू कॅलेडोनियातील नूमेआ बंदरात आले. पॅसिफिकमध्ये त्या घडीला लढण्याजोगे दुसरे अमेरिकन विमानवाहू जहाज उरले नव्हते, आणि ग्वाडलकॅनाल बेटावर जपानचा निकराचा हल्ला होणार हे दिसत होते. ‘व्हेस्टल’ या दुरुस्ती-जहाजावरचे कारागीर आणि आरमाराच्या बांधकाम पलटणीतील सुतार-गवंडी मंडळी यांनी अहोरात्र काम केले. 11 नोव्हेंबर रोजी जहाज निघाले तेव्हा वेल्डिंगच्या ठिणग्या थांबलेल्या नव्हत्या आणि कारागीर जहाजावरच होते. येथला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. पुढचा उद्वाहक, ज्यावरून विमाने हँगरमधून डेकवर येतात, तो वर असतानाच अडकला होता; तो चालतो की नाही हे पाहण्यासाठी खाली सोडून बघावा, तर खालीच अडकून बसला तर डेकमध्ये प्रचंड खड्डा पडून उरलेसुरले जहाजही निकामी व्हायचे. म्हणून त्याची परीक्षाच घ्यायची नाही, असे ठरले. तो उद्वाहक अडकलेल्या जागीच डेकचा भाग म्हणून राहू दिला, आणि त्याच डेकवरून उडालेल्या विमानांनी ग्वाडलकॅनालच्या लढाईत भाग घेतला.

याच्या शेजारी जपानच्या ‘ताइहो’ची कथा ठेवून वाचली पाहिजे. 19 जून 1944 च्या सकाळी या नव्याकोऱ्या, चिलखती डेकच्या जहाजाला अमेरिकन पाणबुडीचा एकच पाणतीर लागला. वेग फारसा कमी झाला नाही, पण पुढचा उद्वाहक कोलमडला आणि डेकमध्ये खाच पडली. खलाशांनी भोजनगृहांतील मेजे, बाके आणि फळ्या आणून ती विहीर झाकली आणि विमानांची उड्डाणे पुन्हा सुरू केली. हस्तकौशल्य म्हणून हे काम ‘यॉर्कटाउन’च्या डेकवरील कामाहून तसूभरही कमी नव्हते. परंतु पाणतीराने पेट्रोलच्या टाक्या फोडल्या होत्या, आणि त्या झाकलेल्या विहिरीखाली वाफ साचत होती. ती घालविण्यासाठी जहाजभर वायुवीजनाची दारे व पंखे उघडण्यात आले, तेव्हा ती वाफ जेथे नव्हती तेथेही जाऊन पोहोचली. पाणतीर लागल्यानंतर सहा तासांच्या सुमारास ‘ताइहो’ स्फोटाने फाटले. तेथे वरची जखम बांधली गेली आणि जी आधी बांधायला हवी होती ती खालची जखम राहून गेली. या दोन जहाजांच्या तुलनेवर ग्रंथकर्त्यांनी जो भर दिला आहे तो सर्वथा योग्य आहे. केवळ यशाच्या कथा गोळा करून या विषयाचे शास्त्र बनत नाही.

शौर्यकथांविषयीही थोडी सावधगिरी हवी. 19 मार्च 1945 रोजी जपानच्या किनाऱ्याजवळ ‘फ्रँकलिन’वर दोन बॉम्ब पडले, डेकवर सज्ज असलेली विमाने पेटली, सातशेहून अधिक माणसे गेली, आणि तरीही ते जहाज 28 एप्रिल रोजी स्वतःच्या बळावर न्यूयॉर्कला पोहोचले. पण त्याच जहाजाच्या कप्तानाने, आगीने रेटले जाऊन पाण्यात पडलेल्या वा दुसऱ्या जहाजावर गेलेल्या आपल्याच माणसांवर पळून गेल्याचा ठपका ठेवला होता. पुढे ते आरोप सोडून देण्यात आले, तरी गौरवगाथेच्या बाजूला हे पानही जपून ठेवले पाहिजे.

युद्धानंतर हे ज्ञान विसरले जाते आणि पुन्हा रक्त देऊन विकत घ्यावे लागते, याचा दाखला 29 जुलै 1967 रोजी व्हिएटनामच्या समुद्रात ‘फॉरेस्टल’ने दिला. डेकवर चुकून सुटलेल्या अग्निबाणाने आग लागली, पहिल्या बॉम्बच्या स्फोटात आग विझविण्याचे शिक्षण घेतलेली तुकडी जवळजवळ नाहीशी झाली, आणि मागून आलेल्या अप्रशिक्षित पण धैर्यवान माणसांनी आधी पसरलेला फेस पाण्याच्या झोतांनी धुऊन टाकला. 134 माणसे मेली. वीस-बावीस वर्षांपूर्वी याच आरमाराने शिकलेला धडा, की ज्ञान थोड्यांच्या हाती ठेवू नये, तो दप्तरात होता, डेकवर नव्हता.

आपल्याकडे या विषयाचा अगदी निकटचा संबंध ‘विक्रांत’शी येतो. 1961 मध्ये आपल्या आरमारात दाखल झालेले आणि पुढे मुंबईच्या समुद्रात तरंगते संग्रहालय म्हणून मराठी माणसाने पाहिलेले हे जहाज 1971 च्या युद्धाच्या वेळी शत्रूच्या माऱ्याने घायाळ झालेले नव्हते. पण त्याच्या बॉयलरला तडा गेलेला होता, तो पुरता नीट करण्यास दीर्घ काळ लागला असता, आणि अशा स्थितीत ते जहाज युद्धात पाठवावे की नाही याविषयी आरमारात गंभीर वाद झाला. शेवटी वेगावर मर्यादा पत्करून ते बंगालच्या उपसागरात नेण्यात आले, आणि 4 डिसेंबरपासून त्याच्या विमानांनी कॉक्स बझार व चितगाव येथे हल्ले केले. काय मोडके ठेवून लढता येईल, हा प्रश्न येथेही तोच होता, आणि त्याचे उत्तर देणारे अभियंते आपले होते. लोणावळ्याच्या ‘शिवाजी’ या आरमारी प्रशिक्षणसंस्थेत आज नौसैनिकांना पाणी शिरणाऱ्या कप्प्यात उतरवून, पाचरी आणि टेकू ठोकून गळती थोपविण्याचे शिक्षण दिले जाते. सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रापासून दूर चाललेली ही तालीम याच परंपरेची शाखा आहे.

आज या विषयाकडे वळण्याचे कारण केवळ ऐतिहासिक कुतूहल नव्हे. 2022 मध्ये कोचीत बांधलेले नवे ‘विक्रांत’ आपल्या आरमारात आले आहे, आणि जगभर युद्धनौकांवरील माणसांची संख्या कमी करून त्यांची कामे यंत्रांकडे सोपविण्याचा ओघ आहे. ‘यॉर्कटाउन’वर दोन हजारांहून अधिक माणसे होती, आणि वासे खांद्यावर घेऊन धावायला हात पुरत होते. जहाजावर माणसे मोजकी आणि वीज खंडित, अशा वेळी भगदाड कोण बुजविणार, हा प्रश्न आरमारी वर्तुळांत उघडपणे विचारला जात आहे. 2020 च्या जुलै महिन्यात अमेरिकेचे ‘बॉनोम रिशार’ हे विमाने वाहणारे जहाज सॅन डिएगोच्या धक्क्यालाच, दुरुस्तीचे काम चालू असताना, दिवसेंदिवस जळत राहून निकामी झाले. शत्रू नव्हता, समुद्र शांत होता, मदत हाकेच्या अंतरावर होती. ज्या आरमाराने ‘फ्रँकलिन’ घरी आणले त्याच आरमाराची ही घटना आहे.

प्रस्तुत ग्रंथाचा प्रयत्न काय आहे, आणि काय नाही, हे आता थोडक्यात सांगतो. हा लढायांचा इतिहास नव्हे. कोणत्या लढाईत कोण जिंकले हे येथे जेवढ्यास तेवढेच आले आहे. अमेरिकन आरमाराच्या जहाजबांधणी खात्याने युद्धकाळात प्रत्येक मोठ्या हानीवर जे शुष्क, तपशीलवार अहवाल तयार केले, त्यांवर ग्रंथकर्त्यांनी मुख्य भिस्त ठेवली आहे, आणि जपानी बाजूसाठी जॉनथन पार्शल व अँथनी टुली यांच्यासारख्या अलीकडच्या अभ्यासकांनी जपानी साधनांच्या आधारे केलेल्या फेरमांडणीचा उपयोग केला आहे. पन्नास-साठ वर्षे प्रमाण मानल्या गेलेल्या, जपानी आरमारी वैमानिक फुचिदा यांच्या मिडवेविषयीच्या कथनाला या फेरमांडणीने जबर धक्का दिला, याची जाणीव प्रत्येक प्रकरणात दिसते. अहवालांची भाषा कोरडी असते. त्यांत भीती नसते, वास नसतो, किंकाळी नसते. ग्रंथकर्त्यांनी तेथे कल्पनेचे रंग भरण्याचा मोह टाळला आहे, आणि झडप, टेकू, पंप व पत्रा यांचे वर्णन इतक्या निष्ठेने केले आहे की लक्षपूर्वक वाचणाऱ्याला तो कप्पा आपोआप दिसू लागतो. तांत्रिक भाग कठीण वाटला तर वाचकाने थांबून आकृत्या पाहाव्यात, पण तो भाग ओलांडून पुढे जाऊ नये; जहाजाचा तोल कसा राहतो हे न समजता ते वाचविणाऱ्यांचे मोठेपण समजणार नाही.

एका गोष्टीत माझा ग्रंथकर्त्यांशी मतभेद आहे, आणि तो नोंदविण्याची मुभा त्यांनीच मला दिली आहे. 4 जूनच्या दुपारी दोन पाणतीर लागून ‘यॉर्कटाउन’ 26 अंशांनी कलंडले, वीज पूर्णतः गेली, आणि कप्तान बकमास्टर यांनी जहाज सोडण्याचा हुकूम दिला. जहाज उलथणार अशी सर्वांचीच समजूत होती. ते उलथले नाही. ग्रंथकर्त्यांच्या मते त्या क्षणी, त्या माहितीवर, तो हुकूम अपरिहार्य होता, आणि मलाही त्यात फारसे वावगे दिसत नाही. माझे म्हणणे त्यानंतरच्या काळाविषयी आहे. 5 जूनचा सारा दिवस ते जहाज तरंगत होते, राखणीसाठी एक विनाशिका उभी होती, आणि जहाजावर राहून गेलेल्या एका जखमी खलाशाने बंदूक झाडून लक्ष वेधले तेव्हा कळले की आत अजून जिवंत माणसे आहेत. त्या दिवशी ओढकामासाठी एक छोटी बोट आली खरी. पण पंप, वीज आणि कारागीर घेऊन बचावपथक डेकवर चढले ते 6 जूनच्या पहाटे. ‘हॅमन’ विनाशिका कडेला लागून वीज व पाणी देऊ लागली, जड वस्तू कापून समुद्रात टाकल्या जाऊ लागल्या, कलंडणे दोन-एक अंशांनी कमी झाले, आणि दुपारी जपानी पाणबुडीचे पाणतीर येऊन ‘हॅमन’ दुभंगली व ‘यॉर्कटाउन’ दुसऱ्या दिवशी सकाळी बुडाले. हे पथक चोवीस तास आधी चढले असते तर ते जहाज पाणबुडी येण्यापूर्वी त्या पाण्यातून बाहेर पडण्याची शक्यता बरीच होती, असे मला वाटते. ग्रंथकर्ते म्हणतात की 5 जून रोजी शत्रूचा बेत अजून स्पष्ट नव्हता, विनाशिका इतर कामांत गुंतलेल्या होत्या, आणि तितक्या माणसांना पुन्हा कलंडलेल्या जहाजावर चढविण्याचा हुकूम देणे कोणाही कप्तानास सोपे नव्हते. दोन्ही बाजूंचा पुरावा त्यांनी त्या प्रकरणात समोरासमोर ठेवला आहे, आणि माझ्या म्हणण्याला प्रतिकूल असलेली कागदपत्रेही मला आधी दाखविली. ती वाचूनही माझे मत बदललेले नाही, पण पूर्वीइतके ठाम राहिलेले नाही.